पँटीला कुसळ नाही

अहो,

पहिल्या एसटीनं मी डोंगरावरच्या तळ्याला जायलेय. तुमी गाढ झोपले होतात, म्हणून उठवलं नाही. पिठलं झाकून ठेवलंय, भाकरी दुरडीत हायेत. बीपीची गोळी विसरू नका.

दसऱ्यापासून दर रविवारी तुमी एकटेच त्या तळ्यावर जायलाव. पावसाळ्यात तिथं जत्रा असती, आता कुत्रंबी फिरकत नाही. तरी घरी आलं की हात पसरून सांगता, "सुमंगला, काय पाणी हाय म्हणून सांगू!" मीबी कौतुकानं ऐकत आले.

परवा शेजारची प्रियांका शाळेच्या पोरी घेऊन तिथं जाऊन आली. वाटेवर कमरेएवढं गवत वाळलंय म्हणे. तिच्या सलवारीतली कुसळं काढता काढता आमा दोघींची बोटं दुखून आली. तुमची पँट तर दर रविवारी मीच धुते. तिला एक कुसळ लागलेलं मला आठवत नाही.

मी काही विचारत नाही. दुपारी मला न्यायला तेवढं या. मोटरसायकल पायथ्याला लावा अन् वर तळ्यापशी या, मी तिथंच बसते. वाट तुमच्या पायाखालचीच हाय, तवा फोन करून विचारू नका.

सुमंगला