शेठाणीचं मालिश मशीन

३ फेब्रुवारी १९९६, शनिवार
हे दुकानातून एक विचित्र वस्तू घेऊन आले. रिंगरोडच्या एका शेठाणीचं कंबरेचं मालिश मशीन, कॉइल जळलेली. म्हणाले, "बारीक वाइंडिंगला तुझा हात बरा." बरा कसला, लग्न होऊन उधन्याला आल्यापासून घरात बसून मोटारींच्या कॉइलच भरतेय.
उघडलं. आत मोटार नाहीच. कॉइल, समोर लोखंडी पट्टी, पट्टीवर रबरी टोपी. वीज पट्टीला ओढते-सोडते, ओढते-सोडते. एवढंच.

५ फेब्रु., सोम.
कॉइल भरली. चालवून बघितल्याशिवाय माल परत द्यायचा नाही, हा आमच्या धंद्याचा नियम. सासूबाई देवळात, हे दुकानात. मान झाली. कंबर झाली. मग नियम जरा जास्तच पाळला.
दोन पोरांची आई मी, आणि हे आज कळतंय! आधी राग आला. कोणावर काढावा ते ठरेना, म्हणून कणीक मळली. पण छान वाटलं. फार छान.

७ फेब्रु., बुध.
ह्यांनी विचारलं, झालं का मशीन? म्हटलं, पट्टी अजून घासतेय. साफ खोटं.
आवाजाची भीती नाही. खालच्या मजल्यावर माग, दिवसभर खडखडाट. वर बँड वाजवला तरी कळायचं नाही.

८ फेब्रु., गुरु.
घात झाला. मागांची लाइन गेली आणि घरची लाइट मात्र राहिली. खडखडाट एकदम बंद, सगळ्या गॅलरीत फक्त माझी घरघर. दाराबाहेरून सासूबाई, "हाऊ कसाना आवाज शे वं?"
मिक्सर, म्हटलं. लसणाची चटणी करतेय. मग झक मारत चटणी केली. सासूबाई ऐकत उभ्या. "मघाना आवाज येगळा व्हता. मिक्सर बिघडेल दिखस. तुना नवराले दखाड."
संध्याकाळी ह्यांनी धडधाकट मिक्सर खोलला. पुन्हा जोडला. म्हणाले, "ह्याला काही झालेलं नाही." माझ्याकडे बघितलं. मी चटणी वाढली.

१० फेब्रु., शनि.
शेठाणी स्वतःच आली. "बेन, मारुं मशीन थयुं?" द्यावं लागलं. मग पर्समधून दुसरं काढलं, टॉर्चसारखं निमुळतं. "आ सेलवाळुं पण जुओ ने. गरदन माटे छे."
मान तर मान. दोघी अगदी गंभीर.
ह्यात खरी मोटार, इवलीशी. दांड्यावर पितळी वजन, तेही एका बाजूला. फिरलं की अख्खी डबी थरथरते. आम्ही मोटार थरथरू नये म्हणून जीव टाकतो, आणि इथे मुद्दाम! नुसती तार सुटली होती. कथलाचा डाग देऊन जोडली, ती डबीही शेठाणी घेऊन गेली. जाताना सांगितलं, तिसऱ्या जातीचं पण असतं, हाताच्या पंजावर पट्ट्याने बांधायचं, मग बोटंच थरथरतात.
ती गेल्यावर हातात काहीच राहिलं नाही. चिडचिड झाली, पोरांवर निघाली.

१३ फेब्रु., मंगळ.
भंगारातल्या टेपरेकॉर्डरची मोटार. जुनी टॉर्च. वजनाला पितळेचा तुकडा. जमतंय. डोकं गोल घासलं, वरून रबर चढवलं. सासूबाई विचारतात, काय करतेस? धंदा, म्हटलं.

१५ फेब्रु., गुरु.
सासूबाई नणंदेकडे, पोरं शाळेत. हे दुपारी लवकर जेवायला आले आणि ते टॉर्चचं मशीन टेबलावरच होतं.
"हे कोणाचं?"
शेठाणीचं, म्हणता आलं असतं. तोंडून निघालं, "माझं."
ह्यांनी बटण दाबलं. तळहातावर धरून बघितलं. आता काय म्हणतील, आईला सांगतील का, माहेरी धाडतील का.
म्हणाले, "वजन कमी पडतंय." पितळेचा जाड तुकडा शोधला, कानस घेऊन बसले. घासता घासता, मान वर न करता, "कुठे दुखतं तुझं?"
"कुठेच दुखत नाही," म्हटलं.
कानस थांबली. मग पुन्हा सुरू झाली, हळू.
हे लिहितेय तेव्हा दुकान उघडायची वेळ केव्हाच टळलीय. हे अजून अंथरुणावरून उठलेले नाहीत.