सातव्या टाक्याचा आवाज

मंगळवार, १९ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,

ताईचे आशीर्वाद. इथे गुडघा, रक्तदाब आणि नववीचा वर्ग, तिघेही आपापल्या जागी टिकून आहेत. तुझं क्षेम कळव असं लिहिणार होते. पण आई गेल्यापासून दीड वर्षात तू एक ओळ कळवली नाहीस, मीही विचारली नाही, तेव्हा ते राहू दे.

पार्सल मिळालं. आत तुझ्या बँडचा अल्बम, आणि चिठ्ठी म्हणावी असा कागदाचा कपटा. "ऐक, खरं मत सांग, आणि रविवारी आईचं शिलाई मशीन न्यायला गाडी घेऊन येतोय, पहिल्या कार्यक्रमात रंगमंचावर माइक लावून चालवायचंय." सूत्रकारांनाही हेवा वाटावा इतकं थोडक्यात. मत आधी सांगते. मशीनचं नंतर.

शनिवारी दुपारी जेवणाच्या टेबलाशी ऐकायला बसले. पहिलं गाणं सुरू होऊन अर्धं मिनिट झालं नसेल, तोच खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर वर आले. आता निवृत्त आहेत, त्यामुळे त्यांना सगळं ऐकू येतं.

"काही पडलं का?"

"नाही. माझा भाऊ आहे."

"पडला?"

"गातोय."

दारातच उभे राहून त्यांनी कडवं संपेपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "आवाज चढतो मात्र छान. चाळीस वर्षं दात काढले, इतका कोणी चढवला नाही." ही तुझी पहिली समीक्षा. जपून ठेव.

माझी जरा लांब आहे. पहिली दोन गाणी मी फक्त धीर धरला. तुमचा तो ड्रमवाला दोन्ही पायांनी जे काही करतो, ते मी पायऱ्या उतरतानासुद्धा करत नाही. तिसऱ्या गाण्यात मात्र बसल्या जागी ताठ झाले. दोन गिटारी एकच चाल घेऊन धावतात, एक वरून, एक खालून. अंतर राखतात, वळणावर एकमेकींसाठी थांबतात, कुठेही धडकत नाहीत. भावंडांना हे जमतं अशी माझी कल्पना नव्हती. पॉवर मेटल म्हणजे कसलं संगीत, असं मी तुला एकदा विचारलं होतं, तेव्हा तू म्हणाला होतास, "ताई, लोखंडच आहे, पण गातं." मी तेव्हा हसले होते. ते हसू मागे घेते.

नऊ गाण्यांत मिळून एका दीपगृहाच्या रखवालदाराची गोष्ट, हेही आवडलं. नायक धीरोदात्त असावा अशी शास्त्राची अपेक्षा. तुझा धीरोद्धत आहे, पण समुद्रापुढे हळू बोलून चालत नसेल. पाचव्या गाण्यात तू चार, सहा आणि सात मात्रांवर थांबतोस. मंदाक्रांतेचे विराम असेच पडतात, फक्त तिथे अक्षरं मोजतात. मी वृत्तं शिकवत असताना तू मागच्या बाकावरून खिडकीबाहेर बघत होतास अशी माझी समजूत होती. सहाव्यातला कीबोर्ड अर्ध्यावर कापला असता तरी चाललं असतं. सांगायचं संपलं की थांबावं, हे तुला निबंधातही कळलं नाही.

मीही थांबत नाहीये, हे तुझ्या लक्षात आलं असेल.

नववं गाणं. चौदा मिनिटं. लांबलचक समासासारखं, शेवटच्या पदाशी पोचल्याशिवाय अर्थ हाती लागत नाही. सात ठोक्यांचा ठेका: सहा सरळ, सातव्याला बारीक आचका. दुसऱ्याच मिनिटाला मी ते बंद केलं, चहा केला, वह्या तपासल्या, आणि तासाभराने पुन्हा लावलं. शेवटी एकेक वाद्य गळत जातं आणि चाळीस सेकंद नुसतं मशीन उरतं. आईचं.

तू सोळा वर्षांचा असताना मशीनचा चामडी पट्टा तुटला होता आणि तू तो गिटारच्या तुटक्या तारेने बांधून दिला होतास. तो जोड फिरत फिरत वरच्या चाकावर आला की टक् व्हायचं. दर सातव्या टाक्याला. आई दुसऱ्या दिवशी नवा पट्टा आणणार होती. तो दुसरा दिवस वीस वर्षं आला नाही.

तू फोनवरून तो आवाज मागितलास तो दिवस मला आठवतो. आई फोन चाकाजवळ धरून बसली होती आणि मी मागे ताटं पुसून ठेवत होते. नीट ऐक, शेवटाच्या थोडं आधी कपाटाचं दार लागतं. ती मी.

आता मशीनचं.

त्यानंतर आई रोज दुपारी मशीनवर बसायला लागली. सुईत दोरा नसायचा. एकदा मी विचारलं, "काय शिवतेस?"

"काही नाही गं. तो शेजारच्या खोलीत आहे असं वाटतं."

मी तेव्हाच तिला न्हाऊ घालून, केस विंचरून, गोळ्या देऊन उभी होते. त्याच खोलीत.

पुढच्या आठवड्यात शेजारीण तिला डोळे तपासायला घेऊन गेली, तेवढ्या वेळात मी मशीन दुरुस्तीवाल्याला बोलावलं. आईच्या पायाला जड जातं, असं त्याला सांगितलं. त्याने पट्टा काढून उजेडात धरला. "ताई, ही तार कोणी बांधलीय? पक्की आहे. अजून दहा वर्षं बघायला नको."

"बदला."

त्याने बिनजोडाचा रबरी पट्टा बसवला. "जुना ठेवू?" मी नको म्हटलं. त्याने तो गुंडाळून पिशवीत टाकला. मी त्याला जिन्यापर्यंत जाऊ दिलं, फाटकापर्यंत जाऊ दिलं. हाक मारायला भरपूर वेळ होता.

आई आली, बसली, दोन-चार वेळा पाय मारला. मग पाय उचलून घेतला. "छान केलंस. आता अजिबात आवाज येत नाही." आणि मशीनवर कापड घातलं. त्यानंतर ती पाच महिने होती. ते कापड निघालं नाही. मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर मला भांडता आलं असतं. ती गेल्यावर तू आलास तेव्हाही कापड तसंच होतं, आणि आपण दोघं दुसऱ्याच गोष्टींवरून भांडलो.

तेव्हा रविवारी यायचं असेल तर ये. मशीन खिडकीपाशी आहे. तेल घातलंय, लोण्यासारखं चालतं. रंगमंचावर माइक लावलास तर लोकांना माइकची घरघर तेवढी ऐकू येईल. ते चाळीस सेकंद आता फक्त तुझ्याकडे आहेत.

एक दुरुस्ती. अल्बमच्या आतल्या पानावर, आभारांच्या शेवटी छापलंय: 'ताईला, जिने आईला सांभाळलं.' शाईपासून शुद्धलेखनापर्यंत ओळ निर्दोष आहे. पुढच्या छपाईत काढून टाक. कपाटाचं दार राहू दे.

रविवारी दोघांचं जेवण करू की एकटीचं, ते शनिवारपर्यंत कळव.

त्याच खोलीत असलेली,
ताई