सहा दारांच्या कड्या

प्रिय चिमे,

आपलं जेवणाचं टेबल, तुझं पुस्तकांचं कपाट, आईची शिवणाची पेटी, जिन्याचा कठडा आणि आजवर एक हजार एकशे चाळीस दारं. सगळं या हातांनी, कुणाकडे न शिकता. तू फोनवर म्हणालीस की बाबांना नसत्या भानगडीत पडायची हौसच आहे. त्याचं उत्तर लिहायला आज तिसऱ्यांदा कागद घेऊन बसलोय. मधेच उठतो, दुकानाचं दार बघून येतो.

ही भानगड ज्या इमारतीतली, तिथे सहा खोल्यांना दारं बसवायची होती. ठेकेदाराच्या आकृतीत कड्या बाहेरच्या बाजूला. मला वाटलं, चुकला बिचारा, याला सुतारकाम कशाशी खातात ते काय माहीत. मी आपल्या शहाणपणाने सहाही आतल्या बाजूला बसवल्या. तो आला, हसला, म्हणाला, मिस्त्री, डोकं घरी ठेवून येत जा, मुलींचं वसतिगृह आहे, शिस्त लागते. मला राग आला तो फक्त दुबार कामाचा. आतली भोकं खुंट्या ठोकून बुजवली, घासली, कड्या बाहेर घेतल्या.

चौथ्या दारापाशी एक मुलगी उभी राहिली, तुझ्याच वयाची. तिला तिथे येऊन तीन आठवडे झाले होते, हे तिच्यासोबतच्या बाईने सांगितलं. मुलीला काहीही विचारा, उत्तर बाईच द्यायची. बाई पाणी आणायला वळली तशी पोरीने हळूच विचारलं, काका, हे गाव कुठलं? आणि तुझा हुशार बाप गावाचं नाव सांगून वर स्टेशनची बस कुठे मिळते तेही समजावत बसला.

तिचा प्रश्न खटकला, तरीही उरलेली दोन दारं मी पुरी केली. हे तुझ्या आईलाही ठाऊक नाही. दोन दिवस घरात येरझाऱ्या घातल्या, तिसऱ्या दिवशी मदतीच्या नंबरवर फोन केला. म्हटलं, खात्री नाही, संशय आहे. पलीकडची बाई म्हणाली, खात्री आम्ही करू, तुम्ही फक्त पाहिलेलं सांगा, आणि पुन्हा तिकडे फिरकू नका. मी सांगितलं: सहा दारं, कड्या बाहेरून, जमिनीपासून त्रेचाळीस इंचांवर, खिडक्या स्क्रूने कायमच्या बंद, ती बाई, तो प्रश्न. पोलिसांनी पाच मुली सोडवल्या. गावाचं नाव विचारणारी त्यांत नव्हती. तिला आदल्याच दिवशी हलवलं होतं. तिचा शोध चालू आहे, आणि ते वाया घालवलेले दोन दिवस माझे आहेत.

सोमवारी माझी साक्ष आहे. ठेकेदार म्हणतो, मी दारं ताब्यात घेतली तेव्हा कड्या आतच होत्या, नंतर कुणी फिरवल्या देव जाणे. आणि पुरावा म्हणून माझीच बुजवलेली भोकं दाखवतो. ती कुणाच्या सांगण्यावरून बुजवली, हे सांगणारा मी एकटा. काल त्याचा मेहुणा दुकानात आला होता. तुझ्या कॉलेजचं नाव, राहिलेल्या दोन वर्षांची फी, सगळं त्याला पाठ. मी लगेच पोलिसांना कळवलंय. माझं नाव सांगून कुणीही आलं तर त्याच्यासोबत जायचं नाही, आधी मला फोन करायचा. आणि फीला उशीर होईल, ते मनाला लावून घेऊ नकोस. कड्या आत होत्या, एवढंच कोर्टात म्हणायचे तो मेहुणा मला नऊ लाख देत होता. मी नको म्हणालो.

तुझाच,
बाबा