सेवकरामच्या खाटेवरचे ठोके

मु. चिखला, ता. तुमसर, जि. भंडारा

चि. हेमराज यास,

चिखल्याहून बाबुलालभाऊचा जय भीम. तुझा रामराम वाटेत असेलच, तो मी आधीच घेऊन ठेवला आहे. पाठीचं दुखणं कसं आहे? सूनबाईंना नि लेकरांना आशीर्वाद सांग. इकडे धानाचा रोवणा आटोपला, पाणी बरं आहे आणि आम्ही सगळे खुशाल आहोत; म्हणजे माझे गुडघे सोडून, माझ्या बायकोचा, रत्नमालाचा स्वभाव सोडून आणि तुझा भाऊ सोडून.

तू येत्या रविवारी गाडी पाठवून सेवकरामला नागपूरच्या सेवागृहात हलवणार आहेस. लकव्यानंतर आत काही उरलं नाही, आता तो नुसता श्वास घेणारा देह आहे, असं तू फोनवर शेवंतावहिनींना सांगितलंस. त्या ‘बरं’ म्हणाल्या, फोन ठेवला आणि चुलीपाशी जाऊन बसल्या. चूल पेटलेली नव्हती. मी त्यावर काही म्हणत नाही. जन्मभर तुझ्या भावासोबत खाणीत उतरलो असलो तरी घरातला नव्हे. फक्त गेल्या हाटाच्या दिवशी इथे जे झालं ते तुझ्या कानावर घालतो, मग तुझं तू ठरव.

त्या दिवशी दुपारी नागपूरहून रंजिता नावाची पोरगी आली. लकव्याच्या माणसांच्या घरोघरी जाऊन ती मेंदूतलं रक्त कसं वाहतं ते मोजते. मशीन म्हणशील तर जेवणाच्या डब्याएवढं. (मोठ्या दवाखान्यात माणसाला आत ढकलतात तो बोगदा मी पाहिला आहे, मला वाटलं होतं हिच्या मागून ट्रक येईल.) डब्यातून एक पट्टा निघतो, तो कपाळाला बांधायचा. पट्ट्यात लेझरचा बारीक उजेड असतो, तो हाड पार करून आत जातो आणि थोडासा माघारी येतो. माघारी आलेल्या उजेडाचे दाणे पडद्यावर रव्यासारखे दिसतात, आणि खाली रक्त चालत असलं की ते दाणे थरथरतात. जितकं रक्त धावेल तितकी थरथर, तितकी खालची रेघ वर. हे तिने मला समजावलं, मी शेजारच्या कुंताबाईला समजावलं आणि कुंताबाईने गावाला असं समजावलं की सेवकरामच्या मनातलं आता टीव्हीवर दिसणार आहे.

त्यामुळे दारात ही गर्दी! पण गप्प गर्दी. कारण तुला ठाऊक नाही, सेवकराम पडल्यापासून ही खाट म्हणजे गावाची विहीर झाली होती. जो येई तो वाकून आपलं काहीतरी आत टाकून जाई. ऐकणारा बोलणार नाही याची सगळ्यांना खात्री. कुंताबाई रोज त्याच्या उशाशी बसून वहिनींच्या भाजीला नावं ठेवायची. तिचा नवरा इश्वर सरपंचाच्या निवडणुकीत खरं मत कोणाला दिलं ते त्याच्या कानात सांगून मोकळा झाला होता. आता दोघेही दारातून त्या पट्ट्याकडे अशा नजरेने बघत होते की जणू कोर्ट बसलं आहे.

“मनातलं बी दिसते काय वं पोरी याच्यात?” कुंताबाईने विचारलं.

“नाही मावशी, फक्त रक्त दिसते.”

“रक्तातच त मन रायते,” कुंताबाई म्हणाली आणि पदर तोंडाशी धरून मागे सरकली.

पट्टा बांधला आणि त्याच वेळी लाईन गेली. मशीन बॅटरीवर चालू राहिलं. खोलीत अंधारून आलं होतं, आणि पट्ट्याच्या कडेला सेवकरामच्या कपाळाची कातडी आतून तांबूस दिसू लागली, राखेखाली निखारा असावा तशी. डोळे अर्धे मिटलेले, तोंड जरासं उघडं. हेमराज, मी जमिनीच्या पोटातला अंधार पाहिलेला माणूस आहे, पण तो उजेड मला बघवेना. पडद्यावर दाणे संथ हलत होते. रंजिताने त्याचं नाव घेतलं, रेघ तशीच. वहिनींनी “अवो, आयकता काय जी” म्हटलं. रेघ किंचित उचलली आणि बसली. मग तुला फोन लावून तो त्याच्या कानाशी धरला. आठवतं ना, तू म्हणालास, “दादा, काळजी करू नका, सगळी व्यवस्था झाली आहे.” त्याचं पुढे लिहितो.

मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो आणि माझी बोटं आपोआप लोखंडी दांड्यावर वाजली. तीन ठोके. मी खाणीत माणसांना वर-खाली नेणाऱ्या पिंजऱ्याच्या घंटीवर होतो; नोकरी संपली हे हाताला अजून पटलेलं नाही. (रत्नमाला म्हणते, मी झोपेतही ताटावर ठोकतो. ताट झोपेत माझ्याजवळ कुठून येतं हे ती सांगत नाही.) तीन ठोके म्हणजे पिंजऱ्यात माणूस आहे, सांभाळून वर घ्या.

रेघ वर चढली. उडी मारून नाही. पिंजरा चढतो तशी, एका चालीने, वर, वर. दाणे थरथरून धूसर झाले. आणि चेहरा? चेहऱ्यावर काहीच नाही. मातीचा चेहरा, आणि पडद्यावर आत कोणीतरी चालू लागलेलं.

रंजिताने पट्टा चाचपून पाहिला. “काका, पट्टा हलला असेल. परत करा, पण दांड्याला हात न लावता.” मी वहिनींचा भात शिजवायचा पितळी गंज उचलून दाराशी गेलो, तिथून ठोकलं. पुन्हा चढली. मग तिने सांगितलं, वेगळं काही वाजवा. मला वेगळं काय येतं? मी दोन ठोकले. दोन म्हणजे पिंजरा खाली सोडा.

रेघ खाली जायला लागली. जिथून चढली होती त्याच्याही खाली.

वहिनी माझ्या अंगावर धावल्या. “भाऊजी! त्यायले खाली कायले धाडता? वर घ्या, आधी वर घ्या त्यायले!” मी घाबरून तीन, परत तीन, असे ठोकत सुटलो. दारातली गर्दी केव्हा पांगली कळलंच नाही. नंतर अंगणात नुसत्या चपला होत्या. रेघ हळूहळू आपल्या जागी आली तेव्हा वहिनी खाली बसल्या.

पोरगी खरं बोलणारी आहे. ती म्हणाली, याच्यावरून तो समजतो असं म्हणता येत नाही. आवाजाने दचकूनही रक्त वाढतं, कमी होण्याची कारणंही बरीच असतात. तरी ती निघताना दोनदा मागे वळून खाटेकडे पाहत गेली, आणि पुढच्या हाटाला परत येऊन नीट मोजते म्हणाली. तुझी गाडी त्याच्या आधी येते.

तेव्हापासून घराची रीत बदलली आहे. त्याच्या खोलीत कोणी मोठ्याने बोलत नाही. कुंताबाई बाहेरूनच हात जोडते आणि वहिनींच्या भाजीची ओरडून तारीफ करते. इश्वरला अचानक तुझ्या पुण्यातच राहणाऱ्या लेकीची आठवण दाटून आली, तो आज निघतो आहे. हे पाकीट त्याच्याच हाती देतो. मी मात्र रोज खाटेपाशी बसतो आणि तीन-तीन ठोकतो. खाणीचा नियम असा, की माणसाची घंटी देणाऱ्याने पिंजरा वर पोचेपर्यंत जागा सोडायची नाही. मी तीन ठोके दिले आहेत, हेमराज. अजून कोणी वर आलेलं नाही.

तब्येतीला जप. लेकरांना गोड पापा.

तुझा,
बाबुलालभाऊ

ता. क. – फोनचं सांगायचं राहिलं. तुझ्या आवाजाला रेघ जागची हलली नाही. मनाला लावून घेऊ नको. बँकेतून बोलल्यासारखं बोललास, मीही ओळखलं नसतं. गाडी नको पाठवू, तू ये. इथे बस आणि लहानपणी हाक मारायचास तशी मार, “काय गा भाऊ” म्हणून. रेघ नाहीच हलली तर मी स्वतः त्याला उचलून तुझ्या गाडीत ठेवीन.

पुन्हा ता. क. – पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात खाटेचा दांडा वाजला. एकदाच. वहिनी तांदूळ निवडत होत्या, माझ्या एका हातात पाकीट, दुसऱ्यात खळ. वहिनी म्हणतात खाटेखाली कोंबडी असेल. वाकून पाहिलं, नव्हती. सेवकरामची बोटं दांड्याला टेकलेली आहेत. आधी टेकलेली होती की नाही, आम्हा दोघांनाही सांगता येईना. एका ठोक्याचा अर्थ मी वर लिहिला नाही. एक म्हणजे थांबा. हा हुकूम माझ्या रोजच्या ठकठकीला आहे की तुझ्या गाडीला, मला ठरवता येत नाही. मी माझ्यापुरतं ठोकणं थांबवलं आहे. आता तू.