मोजायची राहिलेली सुई

ता. ४ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

आईचं पत्र आलं. डॉक्टरांनी तुला इन्सुलिन सुरू करायला सांगून दीड महिना झाला, पायाची जखम भरत नाही आणि इन्सुलिनचं पेन फ्रिजच्या दारात गार पडलंय म्हणे. लसीकरणाच्या खोलीत पस्तीस वर्षं बसून तू अख्ख्या वस्तीला टोचलंस. मलाही टोचलंस, आणि दर वेळी मुंगी चावेल असं खोटं सांगितलंस. आता स्वतःवर वेळ आल्यावर मुंगी एवढी मोठी कशी झाली?

मीही तुझ्याच धंद्यात आहे, फक्त इथे प्रयोगशाळेत टोचतो तो जंतू. तो अंगावर पोकळ सुया उभारतो, आपल्या पेशीला चिकटतो आणि सुईतून स्वतःची प्रथिनं थेट तिच्या आत ढकलतो. जी पेशी त्याला गिळायला आलेली असते, तीच बधिर होऊन बसते. मी त्याच्या एका जनुकात बदल केलाय. त्याच्या सुया दिसतात, नुसत्या द्रवात ठेवला तर तो प्रथिनं सोडतोही, पण पेशीच्या आत काही जात नाही. का, ते अडीच वर्षांत कळलेलं नाही. मार्चअखेर उत्तर मिळालं नाही तर माझ्या पीएचडीचा हा विषय बंद, असं मार्गदर्शक मॅडमनी सांगितलंय.

तू मात्र माझी वाट न बघता सुरू कर. काकांना नमस्कार. लोभ असू दे, जेवणानंतर घेतलास तरी चालेल.

तुझी भाची


ता. ९ फेब्रुवारी

चि. दीडशहाणीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी आई माझी बहीण कमी आणि बातमीदार जास्त. जखम नखाएवढी आहे आणि तिचं ड्रेसिंग मी रोज करते. मी घाबरलेली नाही, मला विचार करायला वेळ हवाय. काका म्हणतात, विचार करता करता औषधाची मुदत संपेल. त्यांना रक्त तपासायला न्यायचं तर दोन माणसं लागतात, तेव्हा त्यांचं बोलणं मी मनावर घेत नाही.

तुझ्या जंतूचं नवल वाटलं. ना प्रशिक्षण, ना हात धुणं, आणि कुणी रडतही नाही. तर असं ठरवू. तुझा तो बिघडलेला जंतू ज्या दिवशी पेशीला टोचेल, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी स्वतःला टोचेन. लेखी देते आहे. अडीच वर्षांत जमलं नाही ते महिन्या-दीड महिन्यात कसं जमेल, हे काका हळूच म्हणाले. माझ्याही मनात तेच होतं.

जेवणाच्या वेळा पाळ. लोभ आहे, पण वरचेवर कान उपटेन.

तुझी मावशी


ता. १३ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझी अट म्हणजे सरळसरळ पळवाट आहे, हे माझ्या लक्षात आलंय. तरी मान्य, कारण माझ्यापुढे दुसरा इलाज नाही.

पेशी बदलून पाहिल्या, द्रव बदलला. सूक्ष्मदर्शकाच्या फोटोंत एकेका जंतूच्या सुया मोजल्या. निरोगी जंतूला जितक्या, तितक्याच याला. त्यांच्या आजूबाजूला दाट काटे असतात, त्यांनी तो पेशीला धरून ठेवतो. तेही ठीक आहेत. काल मॅडमनी एका नव्या विद्यार्थिनीला माझं टेबल दाखवलं. मी थंड खोलीच्या बाहेर उभी राहून रडले. आईला सांगू नकोस.

तुझ्या पायाची काळजी वाटते, हे चेष्टा बाजूला ठेवून लिहिते. लोभ कमी करू नकोस, सध्या मला तो लागतोय.

तुझी भाची


ता. १८ फेब्रुवारी

चि. दीडशहाणीस,
अनेक आशीर्वाद.

रडलीस ते बरं केलंस. नाक पूस आणि ऐक. मी नोकरीत नवी होते तेव्हा कडाक्याच्या थंडीत एक मास्तर लस घ्यायला आले. जाडजूड स्वेटर, बाही वर सरकेना. मागे रांग लागलेली. मी घाई केली आणि स्वेटरवरूनच टोचलं. सुई होती, औषध होतं, दट्ट्याही शेवटपर्यंत दाबला. मास्तर म्हणाले, अजिबात दुखलं नाही. दुखेल कसं? सुई लोकरीतच संपली होती, औषध सगळं बाहीत. मोठ्या सिस्टरनी मला महिनाभर फक्त कापूस कापायला बसवलं. ही गोष्ट काकांनाही ठाऊक नाही.

तू सुया किती ते मोजलंस. किती लांब, ते मोजलंस का? तुझ्या जंतूनेही काट्यांचा स्वेटर घातलाय म्हणतेस, म्हणून विचारलं.

लोभ आहे तसाच राहू दे, आणि मास्तरांचं कुणाला बोलू नकोस.

तुझी मावशी


ता. १७ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

मोजली नव्हती. अडीच वर्षं तेच फोटो रोज डोळ्यांसमोर होते, आणि मी फक्त संख्या लिहीत होते. तुझं पत्र हातात धरूनच मोजायला बसले. याच्या सुया निरोगी जंतूच्या सुयांपेक्षा जवळजवळ पाव हिश्श्याने आखूड निघाल्या. काट्यांच्या वर टोक येतच नाही. मग याच जंतूचे काटे आखूड केले. काल त्याने पेशीला टोचलं. तीन वेळा करून पाहिलं, तिन्ही वेळा प्रथिनं आत. मॅडमनी स्वतः चहा केला आणि विषय चालू राहणार म्हणाल्या. स्वेटर कुणाचा, ते मी सांगितलेलं नाही.

आता तुझी पाळी. आणि एक विचारायचंय. तुझ्या पत्रावर तारीख अठराची, पोस्टाचा शिक्का एकवीसचा. मधले तीन दिवस ते कुठे होतं?

लोभ दुप्पट असावा, यंदा मी तो कमावलाय.

तुझी भाची


ता. २२ मार्च

चि. शहाणीस,
अनेक आशीर्वाद.

माझ्या पर्समध्ये होतं. स्वेटरचं लिहितानाच मला कळलं होतं की यात तुझं काम होणार आणि माझी पळवाट बंद होणार. टपालपेटीपर्यंत दोनदा जाऊन परत आले. आमच्या आईला शेवटची दोन वर्षं इन्सुलिन मीच टोचायचे, आणि ती गेली. तेव्हापासून मनाने घेतलं होतं की ही सुई लागली की माणूस राहत नाही. सिस्टर असून असं वाटावं याची लाज वाटायची, म्हणून कुणाला बोलले नाही. मग तू त्या थंड खोलीबाहेर एकटी उभी आहेस असं डोळ्यांपुढे आलं, आणि पत्र पेटीत टाकलं.

तुझं पत्र काल मिळालं. आज सकाळी पेन काढलं. काकांनी माझा दुसरा हात धरला आणि डोळे स्वतःचेच मिटून घेतले. सुई जेमतेम चार मिलिमीटरची. पोटाला लावली, दाबली, दहा आकडे मोजले.

मुंगी चावल्यासारखंच वाटलं. इतकी वर्षं मी तुम्हा मुलांशी खोटं बोलत नव्हते.

लोभ आहेच, तो मोजत बसू नकोस.

तुझी मावशी