नऊ नंबरची जर्सी वर कशी गेली

ट्रानबेक, नोव्हेंबर २०१९

प्रिय गेर्डाताई,

धाकट्या भावाचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात तू फक्त डाव्याबद्दल लिहिलंस, त्यावरून उजवा सुधारला असं आम्ही धरून चाललो आहोत. बोर्नहोम बेटाची हवा तुला मानवते आहे हे वाचून बरं वाटलं. आम्ही दोघं नवरा-बायको ठीक. जिटेने यंदा बीट जरा जास्तच मुरवलं, त्यामुळे नाताळपर्यंत आमच्या जिभा जांभळ्या राहणार. मला भूक लागते, झोप लागते, फक्त गावात माझ्याशी कुणी बोलत नाही. का, ते तुला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळू नये म्हणून हे पत्र.

आपल्या आइस हॉकी क्लबला या महिन्यात साठ वर्षं झाली. तुला आठवतं ना, सुरुवात कशी झाली ते? डेअरीतल्या लोकांनी मागच्या मैदानात पाणी सोडलं, थंडी ऐन वेळी दगा देई म्हणून दूध गार करायच्या यंत्राची नळी तिथवर ओढली, आणि बर्फाला कायम ताकासारखा वास यायचा. बाहेरगावचे लोक आपल्याला ‘लोणीवाले’ म्हणून चिडवायचे, आणि आपण तेच नाव छातीवर शिवून घेतलं. आता क्लब कंपनी झालाय, कॅनडाहून पोरं पगारावर येतात, आणि छातीवर लोण्याऐवजी नाकातून वाफ सोडणारा बैल आहे. (गाईवरून बैलावर आलो, ही आमची साठ वर्षांची प्रगती.) पण इतक्या वर्षांत सुवर्णपदक एकच, १९७६ चं. आणि ते मिळवून देणारा गोल कुणाचा, तर कार्ल-ऑट्टो ब्रास्कचा, असं गावातलं शेंबडं पोरही सांगतं.

ताई, तो गोल माझा होता. तुला हे मी पूर्वी सांगितलंय (जिटे म्हणते, रोज सांगतो), तरी पुन्हा सांगतो. शेवटचं मिनिट होतं. मी धडपडून त्यांच्या गोलसमोर बसलो होतो, उठायच्या बेतात होतो. कार्ल-ऑट्टोने लांबून मारलेली ती काळी चकती सरळ बाहेर चालली होती. ती माझ्या बुडाला लागली, वळली आणि आत गेली. तीन आठवडे तिथे बशीएवढा निळा डाग होता. पण असा पुरावा माणूस कुणाला दाखवणार? तोवर सगळ्यांनी कार्ल-ऑट्टोला खांद्यावर घेतलं होतं. मीही घेतलं होतं, त्याचा उजवा पाय माझ्याच खांद्यावर होता.

तेव्हापासून त्रेचाळीस वर्षं मी या माणसाला पाहतोय. बसचा ड्रायव्हर त्याच्यासाठी थांबतो, माझ्यासाठी दार लावतो. सदुसष्टाव्या वर्षी त्याच्या डोक्यावर सगळे केस आहेत. बेकरीत ‘कार्ल-ऑट्टो’ नावाची पेस्ट्री मिळते, वर साखरेने काढलेला नऊचा आकडा. मी रोज एक खातो आणि तो आकडा आधी चावतो. (वाईट याचं वाटतं की पेस्ट्री उत्तम असते.) आणि आता काय, तर साठाव्या वर्षानिमित्त त्याची नऊ नंबरची जर्सी हॉलच्या छताला टांगायची, तो नंबर पुन्हा कुणाला द्यायचा नाही. बरं, टांगणार कोण? हॉलची वायरिंग तीस वर्षं ज्याने सांभाळली तोच. क्लबचा नवा संचालक मला म्हणाला, “एगोन, बटण तूच दाब. तुम्ही जुने दोस्त ना!”

म्हटलं, आता बस्स. त्या मॅचचा पंच मोगेन्स अजून जिवंत आहे, ब्याण्णव वर्षांचा, पलीकडच्या गावातल्या वृद्धाश्रमात. समारंभाच्या आदल्या दिवशी सकाळी मी पेस्ट्रीचा डबा घेऊन त्याच्याकडे गेलो. म्हटलं, याच्याकडून लेखी घेतो आणि उद्या सगळ्यांसमोर वाचतो. मोगेन्सचं डोकं अगदी शाबूत. सगळं ऐकून घेतलं, पेस्ट्री संपवली, मिशी पुसली.

“चकती तुझ्या बुडाला लागून आत गेली?”

“नक्की.”

“आणि तू बसला होतास कुठे? गोलसमोरच्या चौकटीच्या आत की बाहेर?”

“आत! अगदी मधोमध!” मी अभिमानाने म्हणालो.

“मग गोल बाद,” मोगेन्स म्हणाला. “तेव्हाचा नियमच होता तो, चकतीच्या आधी गोल मारणाऱ्या संघाचा माणूस चौकटीत असला की गोल धरायचा नाही. मला तू दिसलाच नाहीस रे. माझ्याकडून मोठी चूक झाली. कागद काढ. संघटनेला कळवतो, पदक परत करायला सांगतो. जाण्याआधी एवढं तरी निस्तरतो.”

ताई, म्हातारा चष्मा शोधायला लागला आणि माझ्या डोळ्यांपुढे ते पदक आलं. आपले बाबा, रोज पहाटे दुधाचे कॅन उचलणारे, त्यांनी ते हातात धरून किती वेळ खाली ठेवलं नव्हतं ते आठवलं. आणि मी, गेर्डाताई, मी, ज्याने त्रेचाळीस वर्षं दुसरं काही बोलून दाखवलं नाही, मी त्याला म्हणालो, “मोगेन्स, आत्ता नीट आठवलं. नाही लागली. कार्ल-ऑट्टोचाच गोल तो.”

“मग इतकी वर्षं बोंबलतोयस कशाला?” असं म्हणून त्याने चष्मा खाली ठेवला, आणि उरलेल्या पेस्ट्र्याही ठेवून घेतल्या.

समारंभाला हॉल गच्च भरला होता. लाल सॉसेजचा वास, भोंगे, घंटा. आणि पहिल्या रांगेत, चाकाच्या खुर्चीत, पाहुणे म्हणून आणलेला मोगेन्स, दोन्ही कानांत ऐकायची यंत्रं घालून. बर्फावर गालिचा अंथरलेला. त्यावर कार्ल-ऑट्टो, केसांसकट. वीस पावलांवर मी, बटणापाशी. त्याने माईक घेतला आणि म्हणाला, “मित्रांनो, त्या गोलाबद्दलचं एक खरं मी त्रेचाळीस वर्षं पोटात ठेवलंय. आज ते बोलून मोकळा होतो. माझी स्टिक…”

म्हणजे त्याला माहीत होतं! ज्या एका वाक्यासाठी मी म्हातारा झालो ते वाक्य तो बोलायला निघाला होता, आणि समोर मोगेन्स कानामागे हात धरून पुढे वाकला होता. मी बटण दाबलं. ढोल वाजायला लागले, दिवे मंद झाले, जर्सी वर सुटली ती बाणासारखी. तिच्या हँगरच्या टोकात कार्ल-ऑट्टोचा मफलर अडकला. तो गालिच्यावर दोन गिरक्या फिरला, मफलर गळ्यातून सुटून वर गेला आणि तो बुडावर बसला. (त्याच्या बुडाला मात्र तीन हजार साक्षीदार मिळाले.) सगळ्या हॉलने माझ्याकडे पाहून जो आवाज काढला तो मी आयुष्यात विसरणार नाही. जिटे शेजारी उभी होती. हळूच म्हणाली, “एगोन, शेवटी केलंसच ना?” मी काय सांगणार? खरं सांगावं तर पदक जातं.

नंतर कॉफीच्या वेळी मी त्याला कोपऱ्यात गाठलं. “कार्ल-ऑट्टो, तू काय बोलणार होतास?”

तो ओशाळला. “अरे, क्लबच्या कपाटात मांडून ठेवलीय ना ती स्टिक, ती खरी नव्हेच. खरी आमच्या हिने, लिस्बेथने, टोमॅटोच्या रोपाला आधार म्हणून रोवली होती. कुजून गेली. लोक तिच्यासोबत फोटो काढतात, मला लाज वाटते.”

टोमॅटो, ताई. टोमॅटोपायी मी बदनाम झालो. त्यात कार्ल-ऑट्टोने सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारून मला माफ केलं, म्हणजे आता तो गावात मोठ्या मनाचा माणूसही झाला. आणि छताला जर्सीबरोबर त्याचा मफलरही लटकतोय. नवा संचालक म्हणतो, राहू दे, छान दिसतो.

डाव्या गुडघ्याला जप. जिटेचा तुला सप्रेम नमस्कार.

तुझा,
एगोन

ता. क. बिटाची एक बरणी वेगळी पाठवतो आहे. झाकण सैल आहे, उभी धर.

ता. क. २. आता ज्यासाठी हे पत्र लिहिलं ते. त्या दिवशी तू गोलच्या मागे जाळीपाशी उभी होतीस आणि भावोजींचा सिनेमा काढायचा नवा कॅमेरा तुझ्या हातात होता. ती फिल्म तुझ्या माळ्यावर असणार. इतक्या वर्षांत मी ती कधी मागितली नाही. का, ते विचारू नकोस. ती स्टोव्हमध्ये घालून जाळून टाक. मोगेन्सचा काही भरवसा नाही.

ता. क. ३. जाळण्याआधी एकदाच लावून बघ. चकती मला लागली का, एवढंच कळव.

ता. क. ४. लागलेली दिसली नाही, तरी लागली असंच लिही.