मोहिमेसाठी निवडलेली संकेतस्थळाची नावे परस्पर पळवली जात असल्याबाबत

प्रति,
मा. निबंधक,
सेवाभावी संस्था नोंदणी कार्यालय,
तळमजला.

विषय: मंडळाच्या मोहिमेची नावे चोरीस जाणे, व अध्यक्षांची चौकशी करणे.
संदर्भ: मंडळाचा ठराव, ‘मोहिमेस सुटसुटीत नाव निवडावे व गुप्त ठेवावे.’

महोदय,

१. मी रुग्णसाहित्य सेवा मंडळाचा मानद सचिव आहे. गरजू घरांना व्हीलचेअर, वॉकर वगैरे वापरायला देणे आणि गरज संपली की परत आणणे, हे मंडळाचे काम. पैकी पहिला भाग सुरळीत चालतो. नोकरीत मी भांडार तपासनीस होतो, त्यामुळे वस्तू एकदा बाहेर गेली की तिचे काय होते हे मला कुणी सांगायला नको. आमच्या व्हीलचेअरवर आज कुठे कपडे वाळत आहेत, तर एका सुशिक्षित घरात कुंड्या ठेवलेल्या आहेत.

२. सबब, पडून असलेल्या खुर्च्या परत मागण्याची मोहीम ठरली. पत्रकावर एकच संकेतस्थळ छापायचे, लोकांनी तिथे पत्ता कळवायचा, आम्ही टेम्पो घेऊन जायचे, अशी साधी योजना आहे. संकेतस्थळाचे नाव आधी राखून ठेवावे लागते. ते हातात येत नाही तोवर पत्रक छापता येत नाही.

३. हे सारे कुणासाठी अडले आहे तेही नमूद करतो. मागच्या गल्लीतल्या शिंपीकाकांचा कमरेखालचा जोर गेला आहे. हात शाबूत आहेत, मशीन मोटारीवर चालते, दुकान घरापासून हाकेच्या अंतरावर आहे; पण तिथवर रोज उचलून नेणार कोण? महिनाअखेरपर्यंत शटर उघडले नाही तर गाळा दुसऱ्याला देईन, असे मालकाने बजावले आहे. मी दिसलो की काका खिडकीतून हाक मारतात, “सचिवसाहेब, आली का खुर्ची?” हल्ली मी दुसऱ्या रस्त्याने जातो. मला त्यांच्याकडे बघवत नाही.

४. आता मूळ तक्रार. पहिल्या बैठकीत ‘खुर्ची परत द्या’ हे नाव एकमताने ठरले. त्याच दिवशी मी नाव मोकळे असल्याची खातरजमा केली. दुसऱ्या दिवशी घ्यायला गेलो तर ते कुणीतरी घेतलेले! योगायोग म्हणून सोडून दिले. पुढच्या बैठकीत ‘चाक फिरू द्या’ ठरले. तेही तसेच गेले. तेव्हा मात्र पाणी कुठेतरी मुरते आहे याची माझी खात्री पटली.

५. चोर सावध होऊ नये म्हणून नावे गेल्याचे मी कुणालाही कळू दिलेले नाही. “हे नाव तांत्रिक कारणाने नको,” एवढेच बोलून मी प्रत्येकाचा चेहरा न्याहाळतो. खजिनदार माझे सख्खे साडू आहेत. तरीही मी कोणताही भेदभाव न करता प्रथम संशय त्यांच्यावरच घेतला. नाव बाद झाल्याचे ऐकून त्यांनी आणखी एक बिस्किट उचलले, हे मी टिपून ठेवले आहे. दुसरे सदस्य छापखानेवाले आहेत. नाव बदलले की पत्रकाचा नमुना नव्याने करावा लागतो, म्हणजे यात त्यांचाही हात असू शकतो. मात्र ते नमुना करताना माझ्या नावाने जी वाक्ये बोलतात, ती ऐकता त्यांना यात आनंद होत असेल असे वाटत नाही.

६. राहता राहिल्या अध्यक्षा. त्यांना आम्ही सारे बाई म्हणतो. शाळेत त्यांनी मला शिकवले आहे आणि हे मंडळही त्यांनीच काढले. त्या स्वतः व्हीलचेअरवर असल्याने बैठकीला फोनवरून हजर राहतात. फोन टेबलावर मधोमध ठेवलेला असतो. सगळ्यांचे चेहरे मला तपासता येतात, फोनचा येत नाही. शंकेची पाल चुकचुकली ती इथे.

७. म्हणून मी सापळा लावला. तिघांनाही स्वतंत्रपणे, ‘हेच नाव नक्की झाले’ असे सांगून वेगवेगळी नावे कळवली. साडूंना ‘खुर्ची घरी आणा’, छापखानेवाल्यांना ‘जुनी खुर्ची नवी वाट’, आणि बाईंना ‘पुढच्याला द्या’. बाईंशी जास्त बोलणे धोक्याचे होते, म्हणून नाव सांगून मी लगेच फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी पहिली दोन नावे जिथल्या तिथे होती. ‘पुढच्याला द्या’ गेले होते.

८. याच काळात मला कुणा अनोळखी कंपनीचे ‘अभिनंदन!’ अशा मथळ्याचे मेल येत आहेत. माझे अभिनंदन करावे असे हयातीत काही घडलेले नसल्याने, फसवणूक ओळखून मी ते न उघडता काढून टाकले. या टोळीचा डोळा माझ्या खात्यावरही आहे, एवढेच यातून दिसते.

९. प्रकरणाने याहून गंभीर वळण घेतले ते काल. नावे देणाऱ्या कंपनीच्या मदत केंद्रात फोन करून मी चोराची माहिती मागितली. तिथली मुलगी हसत म्हणाली, “काका, तिन्ही नावं तुमच्याच नावावर आहेत की!” माझे नाव, माझा पत्ता, माझा फोन नंबर, सगळे तंतोतंत! म्हणजे नावे तर पळवलीच, वर बालंटही माझ्यावर यावे अशी चोख व्यवस्था केली. इतका पुढचा विचार आमच्या मंडळात फक्त बाईच करू शकतात.

सबब विनंती की,
(अ) सदर तिन्ही नावे मंडळास मिळवून द्यावीत;
(ब) चौकशी होईपर्यंत बाईंना अध्यक्षपदावरून दूर ठेवावे;
(क) त्यांना जबाबासाठी समक्ष हजर राहण्याची नोटीस काढावी. फोनवरचा जबाब ग्राह्य धरू नये.

आपला नम्र आणि सावध,
(सही)
मानद सचिव, रुग्णसाहित्य सेवा मंडळ
दिनांक: २१, सकाळ

सोबत: १. ठरावाची प्रत. २. चेहऱ्यांवरील निरीक्षणांचे टिपण.

पुरवणी
(वरील अर्जास जोडण्यासाठी. आवक शिक्का बसलेला अर्ज परत मिळत नाही, फक्त पुरवणी जोडता येते, असे आपल्या खिडकीवरील लिपिकांनी सांगितल्यामुळे.)

महोदय,

अर्जाची प्रत विरुद्ध पक्षास देऊन पोच घ्यावी, या आपल्या नियमानुसार आज दुपारी मी बाईंच्या घरी गेलो. त्या पलंगावर बसून होत्या. त्यांनी अर्ज पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला, पोच म्हणून सही केली आणि म्हणाल्या, “अरे, मीच घेतली नावं. नाव ठरलं की लगेच घ्यावं लागतं, नाहीतर जातं. घरबसल्या मला तेवढंच काम जमतं.”

मग माझ्या नावावर का, असे मी दरडावून विचारले. त्या म्हणाल्या, “मी आज आहे, उद्या नसेन. मंडळ पुढे तूच चालवणार ना? दर वेळी तुला मेल जात होता. तरी तू नाव नको म्हणायचास. मला वाटलं, तुला पसंत पडत नाहीये, म्हणून पुढचं घेत गेले.”

महोदय, मला फार लाज वाटली. त्यांच्याकडे बघणे टाळून मी खोलीभर नजर फिरवली, तेव्हा तपासनिसाच्या सवयीने एक वस्तू कमी असल्याचे ध्यानात आले. बाईंची व्हीलचेअर जागेवर नव्हती. ती त्यांनी आठवड्यापूर्वीच छापखानेवाल्यांच्या हाती शिंपीकाकांकडे पाठवली आहे. “तुमचं नाव ठरेपर्यंत त्याचं दुकान गेलं असतं,” म्हणाल्या. “सचिवाला सांगू नका, तो अनामत आणि दोन जामीन मागत बसेल,” असेही त्यांनी छापखानेवाल्यांना बजावले होते. मी तसे मागितले असते, हे खरे आहे. येताना मी बऱ्याच दिवसांनी मागच्या गल्लीतून आलो. शटर वर होते आणि काका मशीनवर होते. त्यांनी मला हाक मारली नाही, कामात होते.

तरी मागणी (अ) व (ब) मी मागे घेतो. ‘पुढच्याला द्या’ याच नावाने पत्रके उद्या छापून येत आहेत.

मागणी (क) मात्र मागे घेतलेली नाही. अध्यक्ष बदलायचा झाल्यास आधीच्या अध्यक्षाने आपल्यासमोर येऊन सही करावी लागते, आणि ती सही करायला येण्याची बाईंची इच्छा आहे. परंतु त्यांच्याकडे आता खुर्ची नाही. आपल्या कार्यालयात आवक खिडकीच्या मागे, भिंतीला लागून, एक व्हीलचेअर उभी आहे. तिच्यावर जुन्या फायलींचे गठ्ठे रचलेले आहेत. पाठीवर पिवळ्या रंगात आमच्या मंडळाचे नाव आहे. मी ते सकाळी दोनदा वाचले. कृपया गठ्ठे उतरवून ठेवावेत. टेम्पो घेऊन मी स्वतः येत आहे.

आपला नम्र, आणि आज बराच ओशाळलेला,
(सही)
मानद सचिव
दिनांक: २१, संध्याकाळ